वाल्डेनचे कोडे

हरभऱ्याचे पीक ऐन भरात असताना पहाटेच्या दवात त्यावरून स्वच्छ फडके फिरवावे, ते पिळावे आणि निघालेले आंबट पाणी बाटलीत भरून ठेवावे, ही रीत दख्खनच्या पठारावर जुनी आहे. या पाण्याला 'आंब' म्हणतात आणि पोटदुखीवर ते घरगुती औषध म्हणून देत असत. आंबेचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक या दोन आम्लांचा. त्यांपैकी मॅलिक आम्ल कच्च्या सफरचंदातही असते, आणि त्याचे नावही सफरचंदाच्या लॅटिन नावावरून पडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच आम्लाने रसायनशास्त्रज्ञांना असे एक कोडे घातले की ते सुटण्यास चाळीस वर्षे लागली. आज पदवीच्या वर्गात 'एसएन१' आणि 'एसएन२' अशा रूक्ष नावांनी ज्या दोन क्रियाविधींचा तक्ता विद्यार्थी पाठ करतात, तो तक्ता म्हणजे त्या कोड्याचे उत्तर होय. विद्यार्थ्यांच्या हाती उत्तर पडते, कोडे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ते येथे सांगावे असे आम्हांस वाटले.

कोडे समजण्यापुरती थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली वेचून त्यांच्या दोन राशी केल्या. दोन्ही राशींतील स्फटिक उजव्या आणि डाव्या हातमोजांसारखे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे होते. एका राशीचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी, तर दुसरीचे तितकेच डावीकडे. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी, परस्परांशी सल्लामसलत न करता, याचे कारण दिले: कार्बनच्या अणूचे चार हात एका सपाट पत्र्यावर पसरलेले नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. चारही हातांत चार निरनिराळे गट असले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, एक डावी आणि एक उजवी. निसर्ग बहुधा यांपैकी एकच घडवतो. आंबेतील मॅलिक आम्ल असेच एकहाती आहे. त्याचे विरल द्रावण प्रकाशाला डावीकडे वळवते.

रीगा येथील पॉलिटेक्निकमध्ये पाउल वाल्डेन हे प्राध्यापक होते. जन्म १८६३ चा, लाटव्हियातील शेतकरी कुटुंबात. लेखन मात्र रशियन आणि जर्मन भाषांत. १८९६ मध्ये त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला तो दिसावयास अगदी साधा होता. त्यांनी डावे मॅलिक आम्ल घेतले आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या साहाय्याने त्यातील हायड्रॉक्सिल गट काढून तेथे क्लोरीन बसविला. हाती आले ते उजवे क्लोरोसक्सिनिक आम्ल. आता क्लोरीन काढून पुन्हा हायड्रॉक्सिल बसविला की मूळचे मॅलिक आम्ल परत मिळावयास हवे. कॉस्टिक पोटॅश वापरले तेव्हा ते मिळालेही. परंतु पोटॅशऐवजी ओले सिल्व्हर ऑक्साइड वापरताच मिळाले ते उजवे मॅलिक आम्ल, म्हणजे मूळ द्रव्याचे आरशातील प्रतिबिंब.

कल्पना करा की उजव्या हाताचा मोजा शिंप्याकडे दिला, त्याने अंगठा उसवून त्या जागी वेगळ्या कापडाचा अंगठा लावला, मग तोही काढून पहिलाच अंगठा परत शिवला, आणि घरी येऊन पाहावे तो मोजा डाव्या हाताचा! तोच मोजा दुसऱ्या शिंप्याकडे दिला तर मात्र जसाच्या तसा उजवा परत येतो. दोन्ही शिंपी काम तेच करतात, शेवटी जागेवर बसणारा अंगठाही तोच. पण एकाच्या हातून मोजा उलटतो आणि दुसऱ्याच्या हातून उलटत नाही.

येथे आणखी एक पेच होता, आणि खरी अडचण त्यातच दडलेली होती. प्रकाश डावीकडे वळतो की उजवीकडे, यावरून रेणूची अंतर्गत मांडणी डावी की उजवी हे ठरत नाही. उजव्या मांडणीच्या रेणूतील एक गट बदलला तर मांडणी न उलटताही प्रकाश वळण्याची दिशा बदलू शकते. तेव्हा वाल्डेन यांच्या चक्रात कोठेतरी उलथापालथ होते हे निश्चित. मात्र ती क्लोरीन बसताना होते, की पोटॅशने तो काढताना, की सिल्व्हर ऑक्साइडने काढताना, हे सांगण्याचे कोणतेच साधन नव्हते. साखरेच्या रसायनशास्त्राचे अध्वर्यू एमिल फिशर यांनी १९०६ मध्ये या घटनेला 'वाल्डेन व्युत्क्रमण' असे नाव दिले आणि पाश्चर यांच्या मूळ शोधानंतर या क्षेत्रातील हेच सर्वांत विलक्षण निरीक्षण होय, असा तिचा गौरव केला. गौरव झाला, पण उलगडा झाला नाही. पुढील वीस-पंचवीस वर्षांत उपपत्ती पुष्कळ निघाल्या. आल्फ्रेड वेर्नर यांनी १९११ मध्ये आणि जी. एन. ल्यूइस यांनी १९२३ मध्ये सुचविले की नवा गट जाणाऱ्या गटाच्या पाठीमागील बाजूने येत असावा. सूचना योग्य दिशेची होती. परंतु पुराव्यावाचून ती इतर अनेक सूचनांपैकी एक एवढीच राहिली. वाल्डेन स्वतः दरम्यान विद्युत्रसायनाकडे वळले होते. १९१४ मध्ये त्यांनी वर्णिलेले एथिल अमोनियम नायट्रेट हे साध्या तापमानाला द्रवरूप असणारे लवण आज 'आयनी द्रव' या मोठ्या शाखेचे मूळ मानले जाते. पण ती वेगळी कथा.

कोड्याची पहिली गाठ सोडविण्याचे श्रेय हेन्री फिलिप्स यांना आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात या नावाला मिळाले त्याहून कितीतरी मोठे स्थान मिळावयास हवे होते, असे आमचे मत आहे. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये जोसेफ केनियन यांच्या सहवासात ते काम करीत. १९२३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर्कशुद्धतेच्या दृष्टीने इतका नितळ आहे की तो सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही.

त्यांनी एक अल्कोहोल घेतले. ते प्रकाशाला सुमारे ३३ अंश उजवीकडे वळवी. त्याचे अ‍ॅसिटेट त्यांनी दोन वाटांनी बनविले. पहिल्या वाटेने अल्कोहोलच्या हायड्रॉक्सिलमधील केवळ हायड्रोजन निघतो. ऑक्सिजन आणि कार्बन यांच्यामधील बंध तुटतच नाही. या वाटेने मिळालेले अ‍ॅसिटेट सुमारे ७ अंश उजवीकडे वळविणारे होते. दुसरी वाट दोन टप्प्यांची. प्रथम अल्कोहोलपासून टॉसिलेट हे संयुग बनवायचे. येथेही हायड्रोजनच निघतो आणि कार्बन-ऑक्सिजन बंध अभंग राहतो. मग त्या टॉसिलेटवर अ‍ॅसिटेट आयनाची क्रिया करायची. या टप्प्यात मात्र संपूर्ण टॉसिलेट गट, ऑक्सिजनसकट, कार्बनपासून सुटतो आणि त्याच्या जागी अ‍ॅसिटेट येऊन बसतो. या वाटेने मिळालेले अ‍ॅसिटेट प्रकाशाला तितकेच, पण डावीकडे वळवी. द्रव्य तेच आणि मांडणी उलट. संपूर्ण प्रवासात कार्बनपाशी बंध तुटण्याचा प्रसंग एकदाच आला. तेव्हा उलथापालथ तेथेच झाली असली पाहिजे, दुसरीकडे कोठे होणे शक्यच नाही. प्रकाश कोणत्या दिशेला वळतो यावर विसंबण्याचे कारण उरले नाही, कारण तुलना एकाच द्रव्याच्या दोन नमुन्यांची होती. पुढे हेच अ‍ॅसिटेट पाण्याने विघटित करून त्यांनी अल्कोहोल परत मिळविले, तेव्हा ते ३३ अंशांच्या आसपास डावीकडे वळविणारे निघाले.

उलथापालथ कोठे होते ते कळले. ती का होते, आणि मुख्य म्हणजे कधी होते व कधी होत नाही, हे दुसऱ्या मार्गाने कळले. तो मार्ग वेगमापनाचा.

येथे दोन माणसांचा परिचय करून देणे अगत्याचे आहे. क्रिस्टोफर इंगोल्ड हे मूळचे लंडनचे. लीड्स येथे सहा वर्षे प्राध्यापकी करून ते १९३० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. एडवर्ड डेव्हिड ह्यूज हे १९०६ मध्ये उत्तर वेल्समधील एका शेतकरी कुटुंबात जन्मले. घरची भाषा वेल्श. बँगोर येथील शिक्षण संपवून तेही १९३० मध्येच इंगोल्ड यांच्याकडे दाखल झाले. वाल्डेन लाटव्हियन, ह्यूज वेल्श. दोघांचीही मायबोली लहान, आणि दोघांनीही आयुष्यभराचे लेखन दुसऱ्याच भाषेत केले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून घरी एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या जोडीने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात प्रथमच स्पष्टपणे मांडले की एकाच प्रकारची वाटणारी अभिक्रिया दोन भिन्न क्रियाविधींनी घडू शकते. त्या निबंधावर तिसरे नाव पटेल असे आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना ते परके वाटू नये. त्याच वर्षी इंगोल्ड यांनी 'न्यूक्लिओफिलिक' आणि 'इलेक्ट्रोफिलिक' ही विशेषणे चलनात आणली. पहिल्या शब्दातील पूर्वपद लॅटिन, उत्तरपद ग्रीक, असा हा संकर भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांना रुचणारा नव्हता. तरी तो टिकला. आपल्याजवळील इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन जो अणू किंवा गट दुसऱ्या अणूच्या धनभारित केंद्रकाकडे धाव घेतो तो न्यूक्लिओफिलिक, म्हणजेच केंद्रकस्नेही. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी माध्यमातून विज्ञान शिकलेल्या वाचकांना 'नाभिकस्नेही प्रतिस्थापन' हा शब्दप्रयोग आठवत असेल, तो याचाच. प्रतिस्थापन म्हणजे एका गटाच्या जागी दुसरा येणे. मॅलिक आम्लाच्या कथेत क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल आला, ते केंद्रकस्नेही प्रतिस्थापनच होते.

नावांवरून बरेच रामायण झाले. आर्थर लॅपवर्थ यांनी याच अर्थाने पूर्वी दुसरी नावे योजिली होती, आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांचा इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने अभिक्रिया समजून घेण्याचा प्रयत्न इंगोल्ड यांच्या आधीचा होता. इतकेच नव्हे, तर इंगोल्ड यांनी आरंभी त्याला विरोधही केला होता. नंतर इंगोल्ड यांची परिभाषा जगभर रूढ झाली आणि आपल्या कल्पना दुसऱ्याच्या नावाने खपल्या ही सल रॉबिन्सन यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली. १९४७ चा नोबेल पुरस्कार रॉबिन्सन यांना मिळाला, इंगोल्ड यांना तो कधीच मिळाला नाही. तरी वर्गात फळ्यावर लिहिली जाते ती इंगोल्ड यांची भाषा. शास्त्रातही शब्द घडविणाऱ्याचे पारडे असे जड होते. अर्थात इंगोल्ड यांचे शब्द निव्वळ लेबले नव्हती. प्रत्येक शब्दामागे एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नाला प्रयोगाने उत्तर देता येत होते. रॉबिन्सन यांच्या बाजूने पुरेशी सहानुभूती बाळगूनही हा फरक मान्य केलाच पाहिजे.

प्रश्न असा. जुना गट जातो आणि नवा येतो, या दोन घटनांचा क्रम काय? भाडेकरूंचा दृष्टांत येथे चालेल. एका घरात जुना भाडेकरू आपल्या मर्जीने सामान हलवतो, घर काही काळ रिकामे राहते आणि मग नवा येतो. दुसऱ्या घरात नवा भाडेकरू मागील दाराने शिरतो आणि त्याच्या रेट्याने जुना पुढील दाराने बाहेर पडतो. पहिल्या घराची अदलाबदल किती लवकर होईल हे केवळ जुन्या भाडेकरूवर अवलंबून. बाहेर घर शोधणारे दहा असोत की शंभर, फरक पडत नाही. दुसऱ्या घरी मात्र बाहेरची गर्दी दुप्पट झाली की अदलाबदलीचा वेगही दुप्पट होतो. रेणू डोळ्यांना दिसत नाही. पण वेग मोजता येतो, आणि बाहेरची गर्दी, म्हणजे केंद्रकस्नेही द्रव्याची संहती, वाढवून तो बदलतो की नाही हे पाहता येते. पहिल्या प्रकाराला इंगोल्ड यांनी एसएन१ हे नाव दिले आणि दुसऱ्याला एसएन२. 'एस' प्रतिस्थापनाचा, 'एन' केंद्रकस्नेहीचा, आणि आकडा निर्णायक पायरीत किती रेणू गुंततात त्याचा.

प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या कार्बनला ब्रोमीन चिकटलेला आहे त्यावरील हायड्रोजन एकेक करून काढून तेथे मेथिल गट बसवीत जावे. मेथिल ब्रोमाइड, एथिल ब्रोमाइड, आयसोप्रोपिल ब्रोमाइड या क्रमाने अल्कलीबरोबरच्या अभिक्रियेचा वेग झपाट्याने घसरतो. मागील दाराशी अडगळ वाढत गेली की नव्या भाडेकरूला शिरणे कठीण होते, त्याप्रमाणेच हे. मग चौथे, टर्शरी ब्यूटिल ब्रोमाइड घ्यावे. तेथे अडगळ सर्वांत अधिक, तेव्हा वेग जवळजवळ शून्यावर यावा. उलट तो एकदम उसळतो, आणि अल्कली कितीही वाढविली तरी बदलत नाही. एकच क्रियाविधी मानली तर अशी घसरण आणि अशी उसळी एका रेषेत बसवता येत नाही. मागील दार बंद झाल्यावर दुसरी रीत पुढे आली आहे: ब्रोमीन आधी सुटतो, धनभारित कार्बन क्षणभर तीन मेथिल गटांच्या आधाराने तग धरतो, आणि मग पाणी किंवा अल्कली त्याला येऊन मिळते. पाण्यासारख्या द्रावकाचा यात मोठा हात असतो, कारण सुटलेल्या दोन्ही आयनांना तो वेढून सांभाळतो. द्रावक बदलला की अभिक्रियेचा वेग प्रचंड बदलतो हे रशियाच्या मेन्शुतकिन यांनी १८९० मध्येच दाखविले होते. कारण कळावयास इतकी वर्षे जावी लागली.

आता वेग आणि उलथापालथ या दोन साक्षीदारांना समोरासमोर उभे करणे उरले होते. मागील दाराने शिरणाऱ्या प्रत्येक रेणूमागे मांडणी खरोखर उलटते काय? प्रत्येक वेळी की काही वेळा? १९३५ मध्ये ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निकाल लावला. सहकाऱ्यांत जोसेफ वाइस हे होते. बर्लिनमध्ये फ्रिट्‌झ हाबर यांच्याबरोबर काम करणाऱ्या वाइस यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडात यावे लागले होते. प्रयोगाची युक्ती अशी. एकहाती आयोडोऑक्टेन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचे आणि त्यात सोडियम आयोडाइड घालायचे. आयोडीनच्या जागी आयोडीनच येणार, म्हणजे द्रव्य बदलतच नाही. परंतु घातलेला आयोडीन किरणोत्सर्गी असेल तर किती रेणूंत अदलाबदल झाली ते मोजता येते. कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध १९३४ चा, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वीचा. वापरलेल्या आयोडीनचे अर्धायुष्य अवघे २५ मिनिटांचे. त्यामुळे सारे काम घाईने उरकावे लागे.

एकीकडे किरणोत्सर्गावरून अदलाबदलीचा वेग मोजला, दुसरीकडे प्रकाश वळविण्याची शक्ती किती वेगाने नष्ट होते ते पाहिले. शंभर उजव्या रेणूंपैकी एक उलटून डावा झाला तर तो आपल्याबरोबर एका उजव्या रेणूचाही परिणाम पुसून टाकतो. म्हणजे उलटतो एक, पण खाती घट पडते ती दोनाची. तेव्हा प्रत्येक अदलाबदलीबरोबर मांडणी उलटत असेल तर वळणशक्ती नष्ट होण्याचा वेग अदलाबदलीच्या वेगाच्या बरोबर दुप्पट निघावयास हवा. मोजमापाच्या अचूकतेच्या मर्यादेत तो तसाच निघाला. अपवादाला जागा उरली नाही. मागील बाजूने नवा गट येतो, पुढील बाजूने जुना जातो, आणि उरलेले तीन हात पावसाळी वाऱ्यात छत्री उलटावी तसे दुसऱ्या बाजूला वळतात. वर्षानुवर्षे नुसती सूचना म्हणून राहिलेली गोष्ट एका गुणोत्तराने सिद्ध केली.

१९३७ मध्ये ह्यूज, इंगोल्ड आणि त्यांच्या मंडळींनी सर्व पुरावा एकत्र करून नियम मांडला: एसएन२ मध्ये मांडणी नेहमी उलटते, एसएन१ मध्ये धनभारित कार्बन सपाट होत असल्याने नवा गट दोन्ही बाजूंनी येऊ शकतो आणि डावे-उजवे यांचे मिश्रण होते. मग वाल्डेन यांच्या मॅलिक आम्लाचे काय? पोटॅशची क्रिया एसएन२, म्हणून तेथे मांडणी उलटते. क्लोरीन बसतानाही ती उलटलेली असते. दोनदा उलटल्यावर मूळची परत मिळते, म्हणजे पोटॅशच्या वाटेने मूळ मॅलिक आम्ल मिळणे यात विस्मय कसलाच नव्हता. विस्मय वाटावयास हवा होता तो सिल्व्हर ऑक्साइडच्या वाटेचा, कारण तेथे क्लोरीन निघूनही मांडणी उलटत नाही. याचा उलगडा असा की तेथे चांदीचा आयन क्लोरीनला ओढत असताना मागील दाराने परका गट येत नाही, रेणूचाच दुसरा हात, त्याचा कार्बॉक्सिलेट गट, वाकून त्या जागी बसतो. मग पाणी येऊन त्याला हटविते. एकाच टप्प्यात दोन उलथापालथी होतात आणि त्या एकमेकींना खोडून काढतात. वाल्डेन हा उलगडा पाहण्यास हयात होते. १९१९ मध्ये रीगा सोडून ते जर्मनीत रोस्टॉक येथे गेले होते. १९४२ च्या बाँबवर्षावात तेथील त्यांचे घर व ग्रंथसंग्रह नष्ट झाला. उतारवयात त्यांनी ट्यूबिंगेन येथे रसायनशास्त्राचा इतिहास शिकविला आणि १९५७ मध्ये ते निवर्तले.

रेणूने स्वतःचाच हात वाकवून जागा धरण्याचा हा प्रकार पुस्तकी कुतूहलाचा नाही. १९१७ च्या जुलैत ईप्र येथील रणांगणावर प्रथम वापरलेला मस्टर्ड वायू याच युक्तीने शरीरात धुमाकूळ घालतो: त्यातील गंधकाचा अणू आपल्याच क्लोरीनला मागून ढकलतो, तीन अणूंचे ताणलेले कडे बनते, आणि जो कोणी केंद्रकस्नेही जवळ असेल त्याला ते कडे जाऊन चिकटते. शरीरात डीएनएतील ग्वानीन हा असा केंद्रकस्नेही होय. गंधकाच्या जागी नायट्रोजन घालून केलेल्या द्रव्यांची परीक्षा दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी केली, आणि १९४२ मध्ये लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने पछाडलेल्या रुग्णावर त्यांचा प्रथम उपयोग केला गेला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही वापरात असलेली मेल्फालन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे त्याच कुळातील आहेत. पेशीला मारणारी आणि रोग्याला वाचविणारी अभिक्रिया एकच, आणि तिची पायरीन्‌पायरी समजली ती आयोडोऑक्टेनसारख्या कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या द्रव्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापांमुळे.

१९३९ मध्ये हार्वर्ड येथे पॉल बार्टलेट आणि लॉरेन्स नॉक्स यांनी नियमाची उलट बाजूने परीक्षा घेतली. नॉक्स हे कृष्णवर्णीय अमेरिकी. त्या काळी त्या विद्यापीठात त्यांच्यासारखे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके होते. कापराच्या कुळातील एका रेणूत त्यांनी क्लोरीन अशा कोपऱ्यावर बसविला की त्याच्या मागे रेणूचाच पिंजरा येतो. मागून कोणी शिरू शकत नाही, म्हणून एसएन२ अशक्य. पिंजऱ्यामुळे तो कार्बन सपाटही होऊ शकत नाही, म्हणून एसएन१ ही अशक्य. दोन्ही दारे बंद. मग सिद्धांत खरा असेल तर हा क्लोरीन हलताच कामा नये. त्यांनी तो अल्कलीत तासन्‌तास उकळला, चांदीच्या लवणाबरोबर उकळला. क्लोरीन जागचा हलला नाही. काहीही न घडणे हाच ज्याचा निष्कर्ष, असे प्रयोग विज्ञानात विरळा.

येथवरची हकीकत वाचून सारे प्रकरण दोन रकान्यांत नीट बसले असा समज होईल, आणि पाठ्यपुस्तके तो करून देतातही. वस्तुस्थिती इतकी आज्ञाधारक नाही. एसएन१ मध्ये डावे-उजवे निम्मे-निम्मे मिळावेत. प्रत्यक्षात उलटलेले बहुधा थोडे अधिक निघतात. कॅलिफोर्नियाच्या सॉल विन्स्टीन यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले की गट सुटला तरी लगेच दूर जात नाही. जुना भाडेकरू काही काळ ओट्यावरच रेंगाळतो आणि पुढील दार अडवून धरतो. आयनांच्या अशा जोड्या मान्य केल्या की एसएन१ आणि एसएन२ यांच्यामधील भिंत पातळ होते. १९६९ च्या सुमारास रिचर्ड स्नीन यांनी तर भिंतच नाही, सर्व प्रकार या जोड्यांतूनच जातात, असे प्रतिपादन केले; ते सर्वमान्य झाले नाही. याच विन्स्टीन यांनी १९४९ मध्ये नॉर्बोर्निल नावाच्या धनभारित रेणूतील कार्बन दोघांशी एकाच वेळी अर्धामुर्धा जोडलेला असतो असे मत मांडले, आणि १९६२ पासून हर्बर्ट ब्राउन यांनी त्यावर जी टीका आरंभिली तिने दोन दशके रसायनशास्त्रज्ञांत दोन तट पाडले. वाद कधी कधी शास्त्रीय सभ्यतेची मर्यादा ओलांडी. जॉर्ज ओला यांनी अतितीव्र आम्लांत असे आयन टिकवून दाखविले, त्यासाठी त्यांना १९९४ चे नोबेलही मिळाले, तरी ब्राउन यांचे समाधान झाले नाही. अखेर २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी त्या आयनाचा स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी त्याची मांडणी पाहिली. विन्स्टीन बरोबर होते. ते १९६९ मध्ये वारले होते, आणि ब्राउन २००४ मध्ये.

एसएन२ च्या छत्रीचेही तसेच झाले. २००८ मध्ये फ्रायबुर्ग येथे रोलांड वेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावक अजिबात नसलेल्या निर्वात पोकळीत क्लोरीनचे आयन मेथिल आयोडाइडच्या रेणूंवर सोडले आणि सुटणारा आयोडीन कोणत्या दिशेला किती वेगाने जातो ते टिपले. अमेरिकेतील विल्यम हेस यांच्या गटाने त्याच टकरींची संगणकावर गणिते केली. मागून धडक आणि पुढून सुटका, हा पुस्तकातील प्रकार बहुतांश टकरींत दिसला. पण वेग वाढविल्यावर काही टकरींत आयोडीन निघताना अपेक्षेपेक्षा फार संथ आढळला. गणितांनी त्याचे कारण दाखविले: क्लोरीन प्रथम मेथिल गटाच्या कडेला आदळतो, त्या धक्क्याने मेथिल गट जड आयोडीनभोवती एक पूर्ण गिरकी घेतो, आणि पाठ पुन्हा क्लोरीनसमोर आल्यावरच प्रतिस्थापन घडते.